दोन डॅश-ए आणि टँकरचं वेळापत्रक

मंगळवारी सकाळी ई-मेल पाठवण्याच्या आज्ञेचे तीन पर्याय सांगलीच्या कचेरीत इरावती खटावकरांना भेटायला आले, आणि शिपाई मुल्लाचाचांनी त्यांना रीतसर बाकावर बसवलं.

इरावतीबाई संगणकाच्या माहितीपुस्तिका लिहीत. आज्ञा कशी टाईप करायची, तिला कुठला पर्याय, म्हणजे एक डॅश आणि पुढे एक अक्षर, जोडला की काय होतं, हे उदाहरण देऊन सांगायचं, हे त्यांचं काम. आजचं उदाहरण घाईचं होतं. संध्याकाळी त्याच्याच बरहुकूम दुष्काळी गावांना टँकरचं वेळापत्रक जाणार होतं. काही गावांना जुन्या यंत्रावरून, काहींना नव्यावरून.

डॅश-एसचं गाऱ्हाणं काहीच नव्हतं. तो मेलला विषय देई, दोन्ही यंत्रांवर सारखाच. "मी आपला सोबतीला आलोय," तो म्हणाला.

उरलेले दोघेही डॅश-ए. चेहऱ्यानं हुबेहूब.

"मी फाईल जोडतो," नव्या यंत्रावरचा म्हणाला.

"मी मेलच्या मथळ्यात, कुणाकडून-कुणाला लिहितात तिथं, ओळ घालतो," जुन्यावरचा म्हणाला. "माझ्या हाती फाईल दिलीत तर तिचं नुसतं नाव मथळ्यात जाऊन बसेल. गावाला मेल कोराच."

"मग पुस्तिकेत घेऊ कुणाला?"

"मला!" दोघे एकदमच.

इरावतीबाईंना दोघांचीही दया आली. पण कोऱ्या मेलपायी गावात हंडे कोरडे राहिले असते. त्यांनी चहा मागवला, चौघांनी तो संपवला, आणि मग त्या म्हणाल्या, "कुणालाच नाही. वेळापत्रक जोडायचंच नाही. मजकूर म्हणून सरळ आत ओतायचं. विषय तेवढा हा डॅश-एस देईल."

जुन्यानं नव्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे याचंही नाव नाही?"

"नाही."

"मग माझी काही हरकत नाही."

नव्याचाही चेहरा खुलला.

संध्याकाळी उदाहरण दोन्ही यंत्रांवर जसंच्या तसं चाललं. एका सरपंचबाईंचं लगेच उत्तर आलं, 'वेळापत्रक पोचलं. बायका हंडे घेऊन निघाल्यासुद्धा.' इरावतीबाईंनी पुस्तिका छपाईला धाडली आणि खुशीत स्टँड गाठला.

एसटीत पुढच्याच बाकावर दोघे डॅश-ए एका पुड्यातलं भडंग खात बसले होते. कंडक्टर आला. त्यानं दोघांकडे निरखून पाहिलं.

"एकच ना?"

"एकच," दोघे म्हणाले.

त्यानं एक तिकीट दिलं आणि तो इरावतीबाईंकडे वळला.