जोसायाचं पान

कोणाचंही नाव सांगा, मी त्याचा मूळपुरुष शोधून देतो! ही बढाई नाही. उभी हयात मी अमरावतीच्या एका साप्ताहिकात लोकांच्या टोप्या उडवल्या, आणि टोपी उडवायची तर खाली डोकं कोणाचं, हे आधी ठाऊक असावं लागतं. निवृत्तीनंतर तेच ज्ञान मी सोयरिकीच्या चौकशांना जुंपलं. मुलाचं मामेकूळ सांगा, चहा निवायच्या आत मी खापरपणज्यापर्यंत पोचतो.

म्हणून माझा मामेभाऊ शालिकराम अकोल्याकडच्या त्याच्या गावाहून राजापेठेत माझ्या दारी आला, तेव्हा मी निर्धास्त होतो. २००६ सालचा भादवा. कपाशी कशी आहे, हे त्या वर्षी कोणी कोणाला विचारत नसे. मीही विचारलं नाही.

"देवमनभाऊ, रागिणीनं तिकडं अमेरिकेत पोट्टा पसंत केला. गोरा हाय."

"मग?"

"गोरा असू दे. पन घरानं? आपुन शेजारच्या गावातल्या स्थळाचीबी चौकशी करतो. तुमी हो म्हना, मी हो म्हनतो. तुमी नाही म्हनलं, त पोरीले वापस बलावतो."

पोरीचा जन्म असा माझ्या तळहातावर ठेवून तो चहा न पिताच गेला!

राजापेठेत माझे दोस्त तनवीरभाई इंटरनेटचं दुकान चालवत. नाकापेक्षा मोती जड तसं त्यांचं दुकान: संगणक दोन, देखरेख करणारे चार. मी खुर्ची ओढली.

"मुलाचं नाव डॅनियल एव्हरेट प्रुइट."

"अन् बापाचं?"

"त्यातच आहे की! तुमचं पूर्ण नाव काय?"

"तनवीर गुलफाम शेख."

"गुलफाम कोण?"

"अब्बा."

"झालं! मधलं नाव म्हणजे बाप. शोधा एव्हरेट प्रुइट."

एव्हरेट सापडला. नुसता नाही, 'एव्हरेट लूथर' असा सापडला. म्हणजे पुढे लूथर. लूथरच्या मध्ये जोसाया! शिरगणती, चर्चमधली लग्नं, जमिनीचे दाखले. सदऱ्याची बटणं निघावीत तशा पिढ्या निघत गेल्या.

"अमेरिकेचं काम पक्कं हाय, भाऊ," तनवीरभाई म्हणाले. "आपल्या सातबाऱ्यावर जित्ता मानूस सापडत नाही."

जोसाया हा मूळपुरुष. १८७१ साली छपराच्या बैलगाडीत बायको-लेकरं घालून तो कॅन्ससच्या उघड्या माळावर उतरला. ना झाड, ना शेजारी. कसून दाखव आणि घे, म्हणून सरकारनं त्याला जमीन दिली होती. एकशे साठ एकर! मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं शालिकरामच्या गावी गेलो आणि ओसरीत पाय ठेवता ठेवता तो आकडा फोडला.

शालिकरामची बायको दुर्गाबाई हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "कास्तकार हायेत म्हना की!"

"खानदानी!"

"आमी रागिणीसाठी कास्तकाराची तीन स्थळं वापस केली, भाऊजी. आमी सोता कास्तकार असून! अन् तुमी चवथं अमेरिकेतून आनलं?"

"अहो, पोरगा संगणकावर काम करतो!"

"रक्तात हाय ना," शालिकराम म्हणाला. "उद्या जमीन घेतो म्हनला त?"

दुसऱ्या सकाळी रागिणीचा फोन. "काका, तुमाले जमिनीचं सांगाले कोनी सांगतलं होतं? बाबा तिकीट काढ म्हनून राहिले!"

मी धावत तनवीरभाईंकडे. आता शेती सुटली, हे सिद्ध करायचं होतं. एरवी मी वंश लावतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा तरी सातबारा पुसायला बसलो. सापडलं! ते घेऊन पुन्हा ओसरीत.

"शालिक, १८७४ साली तिथं टोळ आले. उभं पीक गेलं. कांदे जमिनीतून कोरून खाल्ले. फावड्याचे दांडे कुरतडले, वाळत घातलेले कपडे खाल्ले. जोसायाचं सगळं गेलं."

शालिकराम खांबाला टेकून ऐकत होता.

"मंग? त्यानं काय केलं?"

त्या वर्षी वऱ्हाडात ह्या प्रश्नाचं जे उत्तर येई, ते ओसरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दुर्गाबाईनं मान फिरवली.

"गाडी जुंपली आणि गेला," मी म्हणालो. "पुढच्या शिरगणतीत तो दुसऱ्या गावी आहे. लाकडाच्या वखारीत कामाला."

"म्हंजे जित्ता होता?"

"होता. बायको, लेकरं, सगळी त्याच्याजवळ."

शालिकरामनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "अशा मानसाच्या घरात पोरगी देतो मी," तो म्हणाला.

सर्वपित्रीला त्यानं आपल्या वाडवडलांच्या पानांशेजारी जोसायाचंही पान मांडलं. वडे, खीर, कढी. कावळ्यानं पहिला घास त्याच पानाचा उचलला, हे मला फोनवर दोनदा सांगितलं.

मी तृप्त! ती बातमी रागिणीला दिली.

"काका, कोन जोसाया?"

"डॅनियलच्या बापाचा, एव्हरेटचा, आजा!"

"त्याच्या बाबांचं नाव रॉबर्ट हाय! इकडं मधलं नाव हौसेचं असते. त्याच्या आईले आवडलं म्हनून एव्हरेट!"

फोन ठेवला तेव्हा माझ्या हातात तीन पिढ्या होत्या, आणि एकही कोणाची नव्हती.

तनवीरभाईंकडे बसून रॉबर्टचा वंश काढला आणि मी तिसऱ्यांदा एसटी धरली. वाटभर शब्द जुळवले आणि ओसरीत सगळे विसरून सरळ सांगून टाकलं. "खरा पणजा जमिनीच्या कचेरीत कारकून होता. आपल्याकडचा पटवारीच म्हणा."

"पटवारी!" दुर्गाबाई उजळली. "मंग पैलेच काहून नाही सांगतलं, भाऊजी? त्या घरी कोनी उपाशी नाही राहत!"

शालिकराम मात्र अंगणाकडे पाहत होता. "लग्न होईन, भाऊ. माहा शब्द गेला तो गेला. पन तो जोसाया? तो आपला कोनीच नाही?"

"कोणीच नाही."

"कावळ्यानं घास घेतला न पन," तो म्हणाला. "पान दरसाल राहीन. फक्त त्याच्याकडचं कोनीतरी जेवाले पायजे. आनला तुमी. तुमीच या."

तेव्हापासून दर सर्वपित्रीला मी अकोल्याची एसटी धरतो आणि कॅन्ससच्या वतीनं वडे खातो. कोणाचाही मूळपुरुष शोधून देणारा मी. सध्या मीच वऱ्हाडात जोसाया प्रुइटचा एकुलता एक वारस आहे.