आत पाणी आणण्यास सक्त मनाई

श्रीगोंद्याच्या अलीकडे, उसाच्या फडांना लागून आमचं कोरोना स्मृतिवन आहे. साथीत गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक कडुलिंब, अशी योजना. समितीचा सचिव या नात्यानं सांगतो, नावांच्या पाट्या आम्ही ग्रॅनाइटच्या केल्या. झाडं वाळली तरी पाट्या राहतील, एवढी दूरदृष्टी समितीकडे होती.

झाडं वाळलीच. पलीकडच्या उसाला कालव्याचं आवर्तन वेळेवर मिळत होतं. आमच्या नळजोडणीचा प्रस्ताव विचाराधीन होता. मग नातेवाईक घरून पाणी आणू लागले. आता मला सांगा, लोक घरून पाणी आणतात याचा अर्थ समिती पाणी देत नाही, असाच होतो ना? उघड उघड बदनामी. आम्ही फाटकावर फलक लावला, 'आत पाणी आणण्यास सक्त मनाई.'

पुढे तक्रार आली, की वाळकी झाडं बघून भावना दुखावतात. समिती संवेदनशील आहे. आम्ही तिथं पत्र्याची हिरवीगार झाडं बसवली. पानगळ नाही, कीड नाही, पाण्याची कटकट तर नाहीच.

एकच कडुलिंब नियम धाब्यावर बसवून वाढत राहिला. सहादेवच्या नावाचा. चौकशीअंती असं निष्पन्न झालं, की त्याची बायको लंकाबाई रोज सकाळी मागच्या तारेच्या कुंपणातून हात घालून तांब्यातांब्यानं पाणी ओतते. मी तिला नियम समजावून सांगितला. कळशी कमरेवर तशीच ठेवून ती म्हणाली, "मालकांच्या तोंडात शेवटचं पानी घालू दिलं न्हाई दवाखान्यात. पानी पानी करीत गेले. आता ह्याला तरी घालू द्या."

वाईट मलाही वाटलं, मी काही दगड नाही. पण उद्या जो तो असं कारण सांगायला लागला, तर कारभार कसा चालायचा?

स्मृतिदिन आला. ऊन रणरणत होतं. प्रमुख पाहुण्यांनी श्रद्धेनं पहिल्या पत्र्याच्या झाडाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग सगळे लगबगीनं सहादेवच्या सावलीत शिरले. पाहुणे गहिवरून म्हणाले, या झाडाला पाणी घालतानाचा फोटो हवा. बाटलीबंद पाणी होतं, पण ते पाहुण्यांना प्यायला. तेवढ्यात कुणाला तरी लंकाबाईची कळशी दिसली. नातेवाईक म्हणून तिला आत सोडलं होतं. कळशी मात्र पहारेकरी छगननं नियमाप्रमाणे फाटकावरच ओतून टाकायला लावली होती.

पाहुण्यांनी कळशी झाडाच्या बुंध्याशी वाकडी केली.

"सायेब, रिकामी हाय ती," लंकाबाई म्हणाली.

"फोटोत कळत नाही, मावशी," फोटोग्राफर म्हणाला. "तुम्ही तेवढ्या बाजूला व्हा."

जाताना पाहुण्यांनी त्या झाडाला खास संरक्षण जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही भोवती बारीक जाळी ठोकली आणि मागच्या कुंपणातली फटही बुजवली. लंकाबाई अजून रोज येते, भरली कळशी घेऊन मागच्या कुंपणाबाहेर उभी राहते आणि तशीच परत जाते. कडुलिंबाची पानं झडत चाललीत. पत्र्याच्या झाडाची ऑर्डर दिलेली आहे.

फोटो मात्र सुरेख आला. तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही खाली जोडलेले हात टाकलेत, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलंत. कळशीतून थेंबभरही पाणी का पडत नाही, हे कुणीही विचारलं नाही. समिती आपली मनापासून आभारी आहे.