बयाबाईंचा डावा हात राखिला त्याची हकीकत

"मावशी, हा डावा हात आजपासून राखीव. यावर बीपी नाही, सुई नाही, ओझं नाही, बांगडी नाही. आणि रोज सकाळी बोटं ठेवून मांजरासारखी घरघर जाणवते का ते बघायचं." ऐसा हुकूम नाशिक मुक्कामी डायलिसिसचे टेक्निशियन समाधानराव यांणी फर्माविला होता, तो सूनबाई निकिता यांचे कानी अखंड वाजत असे. कुलस्वामिनीस वंदन करून, पदरचे काही न घालता, त्या हाताचे वर्तमान लिहिले आहे.

विंचूर मुक्कामी कारभारी यांचे कुटुंब बयाबाई नेमधर्माने नांदत असता दोन्ही किडन्यांनी एकाएकी चाकरी सोडली, आणि मग आठवड्यातून तीन वार नाशिकास स्वारी नेऊन यंत्राकरवी रक्त धुवून आणणे प्राप्त जाहले. रक्तास जाण्यायेण्याची वाट पाहिजे, सबब तातडीने मानेत नळीची चौकी बसविली. परंतु त्याच वाटेने जंतूंची फौज दोन वेळा आत शिरली, हुडहुडी भरून ताप चढला, आणि दुसरे खेपेस तर आठ रोज अंथरूण सुटले नाही. मग डॉक्टरसाहेबांनी मसलत केली की मनगटापाशी धमनी व शीर यांचा तह करून द्यावा. धमनीचे जोराने शीर फुगेल, बळकट होईल, मग सुया तीतच टोचाव्या आणि मानेची चौकी उठवावी. यास फिस्टुला म्हणतात. मात्र सहासात आठवडे दम धरावा. मधेच प्रवाह थिजला तर केले कष्ट वाया, आणि पुन्हा मानेची नळी, पुन्हा तापाचे भय.

तह जाहला. बयाबाई रोज तुळशीस पाणी घालून, जप आटोपून मनगटावर बोटे ठेवीत आणि "मांजर बोलतं गं," म्हणून सूनबाईंस खबर देत. पाच आठवडे मांजर इमानाने बोलले.

सहावे आठवड्यात पुतणी तृप्ती हिचे लग्न निघाले आणि अंगणात कासारीण ललिताबाई बांगड्यांचा पेटारा घेऊन दाखल जाहल्या. सूनबाई पाहुण्यांचे चहापाण्यात गुंतल्या, तो मोका साधून जाऊबाई विमलाबाई यांणी तोफ डागली, "एक हात भरलेला अन् एक मोकळा? मालक जिता असून असं बसतं का कोणी?" बयाबाईंचा बुरूज ढासळला. डाव्या हाती हिरव्या बांगड्या बारा चढल्या, त्याही घट्ट, कारण सैल बांगडी भरणे ललिताबाईंस मोठा कमीपणा.

दुसरे दिवशी सकाळी मांजर बोलेना. हात सुजलेला, बांगड्या रुतलेल्या. साबण जाहला, तेल जाहले, प्लास्टिकची पिशवी घालून ओढणे जाहले, परंतु एकही बांगडी ठाणे सोडीना. मग समाधानरावांचा फोनवरून हुकूम सुटला की बांगड्या या क्षणी फोडा आणि तडक निघा, उशीर केला तर फिस्टुला गेला.

"आत्याबाई, ऐका ना!" सूनबाईंनी सासूबाईंस विनविले.

"नाय. कुंकवाचा धनी दारात असता मी बांगडी वाढवायची नाय. जाऊ दे हात." आणि बयाबाई पदराखाली हात दडवून नाम घेत बसल्या.

तेव्हा कारभारी, ज्यांचा आवाज शेजारघरी कधी गेला नाही, ते पाट ओढून समोर बसले.

"माझ्यासाठीच घातल्या ना? मंग हा बघ मी जिता. मीच फोडतो."

"लोक काय म्हणत्याल?"

"लोक बसत्यात का त्या मशिनीवर चार चार तास? आन हात. या हाताच्या बाराबी उजव्या हातात भरू. मी सोता आणीन, तुझ्या मापाच्या. शब्द हाय."

मग सुपारीचा अडकित्ता आला, बांगडीखाली फडके सारले, आणि कारभारी एकेक बांगडी चेपीत चालले, दर खेपेस "लागलं?" पुसत. विमलाबाईंनी काचा आपल्या पदरात वेचल्या, मान वर केली नाही. बारावी पडताच सूनबाईंनी बोटे ठेविली. काही नाही. मग थोडे. मग मांजर, अगदी बारीक आवाजात, बोलले.

स्वारी निफाड, चांदोरी मागे टाकीत, नांदूर नाक्यावरील गाड्यांचा वेढा फोडीत नाशिकास पोचली. डॉक्टरसाहेबांनी सोनोग्राफी करून प्रवाह शाबूत असल्याचा दाखला दिला आणि सर्वांस बहुत झापले. पुढे तीन आठवड्यांनी दोन सुया त्याच शिरेत बसल्या, चार तास रक्त बिनतक्रार धावले, आणखी काही वार तसेच पार पडल्यावर मानेची नळी उठविली. येणेप्रमाणे हात फत्ते जाहला, ताप पुन्हा आला नाही, हे सत्य जाणावे.

नळीची जखम भरली ते दिवशी बयाबाई कैक महिन्यांनी मानेवरून पाणी घेऊन न्हाल्या. त्या देवापाशी बसल्या असता कारभारी यांणी टोपी घातली, बायकोची जुनी बांगडी मापास म्हणून रुमालात गुंडाळली, आणि कोणास न सांगता एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.