कोळ्याचे पाय

"या वाटेवर आता कुणीही चुकायचं नाही! लिहून घ्या माझ्याकडून!" मास्तरांनी ब्रश झटकत जाहीर केलं, आणि रंगाचे चार थेंब सुनेने वाळत घातलेल्या चादरींवर जाऊन बसले.

त्यांच्या मुलाने माळावर तंबू ठोकून कॅम्प काढला होता. माणसं बायकापोरं घेऊन राहायला येत. पण दूध, पाव, औषधं सगळं टेकडीपलीकडच्या गावात! गाडीरस्त्याचा वळसा एवढा, की दूध आणेपर्यंत पोरं भुकेली झोपून जायची. जवळची म्हणून एकच पायवाट, आणि तीही शेजारच्या कोबीवाल्याच्या शेतातून. त्याने ती नुसत्या शब्दावर वापरू दिली होती. वाट बंद म्हणजे कॅम्प बंद, हे मुलगा रोज जेवताना ऐकवायचा.

निवृत्त झाल्यापासून मास्तर दळण नसलेल्या गिरणीसारखे नुसते घरघरत होते. शिकवायला एक नात, आणि तिला तर सगळं आधीच येत होतं! म्हणून त्यांनी पायवाटेच्या फाट्यावर पाटी लावली: 'कोळ्याला पाय किती? आठ असतील तर डावीकडे. सहा असतील तर उजवीकडे.'

डावी वाट गावात जायची. उजवी कोबीच्या वाफ्यांभोवती फिरून परत पाटीपाशीच यायची.

"चुकणाऱ्याला पुन्हा विचार करायची संधी!" मास्तर खुशीत म्हणाले.

"आणि त्याने विचार केलाच नाही तर?" सुनेने विचारलं.

"अगं, एकच चूक दोनदा कोण करेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी पाटी वाचली आणि "आठ! आठ!" ओरडत डावीकडे धूम ठोकली. घात केला तो मोठ्यांनी. तंबूत उतरलेल्या एका इंजिनियरने आपल्या मुलीचा दंड धरला.

"आठ काय, आठ? किड्यांना सहा पाय असतात. बापाला शिकवतेस?"

दोघं उजवीकडे गेली, आणि फिरून पाटीपाशी आली.

"तुझ्या बडबडीत वळण चुकलं माझं!" इंजिनियर म्हणाला, आणि पुन्हा उजवीकडे! एवढा शिकलेला माणूस एवढा छाती काढून चाललाय म्हटल्यावर मागचे कशाला पाटी वाचतात? तिसऱ्या फेरीला त्याच्यामागे अर्धा कॅम्प होता. बांध अरुंद, माणसं फार. पाय वाफ्यांत पडायला लागले, आणि कोबीचे गड्डे चेंडूसारखे घरंगळू लागले.

कोबीवाला फावडं घेऊनच आला. "माझं शेत काय धावायचं मैदान वाटलं तुम्हाला?"

"पाटीच चुकीची आहे, त्याला आम्ही काय करणार?" इंजिनियर म्हणाला.

कोबीवाल्याने पाटी वाचली. "सहाच की! किडे मारण्यात जन्म गेला माझा!"

आरडाओरडा ऐकून मास्तर, मुलगा आणि नात धावत आले. मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, कोळी हा मुळी किडा नव्हेच..."

"मग कोण, पाव्हणा?"

सगळे खो खो हसले. मुलाने बाही ओढली, "बाबा, सोडा ना!" पण समोर एवढा मोठा वर्ग भरलेला! मास्तर कसले सोडतात?

"वाद कशाला? मोजू या!"

त्यांनी पंपाच्या खोलीतून एक जाडजूड कोळी पकडला, गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत घातला आणि झाकण खटकन लावलं. मग सगळ्यांसमोर ते उघडलं. "तूच मोज, बाळा. मोठ्याने!"

नातीने मोजलं. "...चार, पाच, सहा."

"नीट बघ."

"सहाच आहेत, आजोबा."

काय ओरडा झाला म्हणून सांगू! इंजिनियरने मुलीच्या डोक्यावर टपली मारली. "कळलं?"

"कळलं, बाबा," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

कोबीवाल्याने फावडं आपटलं. "तुमच्या खोट्या पाटीपायी माझा माल तुडवला गेला, मास्तर! आत्ताच्या आत्ता ती सुधारा. नाहीतर संध्याकाळी इथे कुंपण घालतो!"

"पण असतात आठच..." मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने चक्क हात जोडले होते.

"बाबा, म्हणा ना सहा! काय बिघडतं?"

मास्तरांनी ब्रश मागवला. पाटीवर आता सहावाले डावीकडे गेले, आठवाले उजवीकडे. इंजिनियरने नवी पाटी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि अख्खा कॅम्प गावाकडे नेला. कोबीवाला मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वाट तुमचीच आहे."

नात मागे राहिली होती. कोळ्याला गवतात सोडून तिने डबी उलटसुलट करून पाहिली, आणि एकदम किंचाळली.

"आजोबा! हे बघा, झाकणाच्या कडेत दोन पाय अडकलेत! आठच होते! पळत जाऊन सांगू सगळ्यांना?"

मास्तरांनी कोबीवाल्याकडे पाहिलं. तो अजून बांधावरच होता, गड्डे गोळा करत.

"हळू बोल गं," मास्तर म्हणाले, आणि डबी खिशात टाकली.