खालचा थर वर

पेटी हातातून सुटली तेव्हा शेडमध्ये नायरी एकटीच होती. बोअर मारून काढलेले दगडाचे दांडके फरशीभर गडगडले. चाळिशीतली नायरी हे दगड धुण्याच्या कामाला महिन्यापूर्वीच लागली होती. तिने घाईघाईने ते पेटीतल्या खाचांत बसवले आणि गुपचूप चहा प्यायला गेली.

परत आली तर तिचे साहेब, भूगर्भशास्त्रज्ञ ग्रिगसर, पेटीपुढे गुडघे टेकून बसलेले. "नायरी, हे बघ! जुना करडा दगड वर आणि शिंपल्यांचा नवा थर खाली!"

नायरीला आठवलं, सकाळी शिंपले वरच्या ओळीत होते.

सरांचं तीस वर्षं एकच म्हणणं होतं. समुद्राखालची खडकाची प्लेट मास्टरटनच्या या डोंगरांखाली घुसतेय, तिच्या रेट्याने इथे जमीन फाटून जुने थर नव्या थरांच्या उरावर चढलेत. आणि तीस वर्षं बरोबरीचे लोक हसत होते. पुढच्या महिन्यात सर निवृत्त व्हायचे होते.

"सर, मला जरा सांगायचं..."

"नंतर! आधी घरी ऑड्रीला, बायकोला फोन." मग फोनवर, "सापडलं गं! अगं, रडतेस काय वेडे?" लगेच दुसरा फोन वेलिंग्टनला, त्याच हसणाऱ्या सहकाऱ्यांना. "शनिवारी या तिघंही. हसायला आलात तरी चालेल."

दोन दिवस नायरीला घास गिळवेना. शुक्रवारी दुपारी ऑड्रीबाई भलामोठा पावलोव्हा, क्रीमचा केक, घेऊन शेडवर आल्या. "मोठा तुकडा तुझा हं! तूच ती पेटी जपलीस ना?"

नायरीला राहवेना. तिने सरांना बाहेर नेलं. "सर, पेटी माझ्या हातून पडली होती. मी उलटी भरली."

सरांनी चष्मा पुसला. "माहीत आहे."

"काय?"

"प्रत्येक तुकड्यावर बाण असतो, वरची बाजू दाखवणारा. झाडून सगळे उलटे होते. बुधवारी संध्याकाळीच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"ऑड्रीला फोन करून बसलो होतो ना." ते डोंगरांकडे बघत राहिले. "उद्या सकाळी त्या तिघांना खरं सांगून टाकणार होतो. आजच्या दिवस तिला खूश राहू द्यायचं होतं. आणि मलाही."

"सर, मी काही बोललेच नाही असं समजा."

"आता कसं समजू?"

आतून ऑड्रीबाईंची हाक आली, "अहो, क्रीम वितळतंय!"

"आलो," सर म्हणाले. दारापाशी थांबून त्यांनी मागे पाहिलं. "उद्यापर्यंत धीर नाही का गं धरवला?"