वरच्या डेपोची मुक्कामी गाडी

भोकरदनच्या बसस्टँडमागं माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिथं रोज दिवेलागणीला सत्तरीकडं झुकलेला एक माणूस इस्त्रीचा खाकी शर्ट घालून येतो, दोन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसतो आणि अंतराळयानाला डबल बेल देतो. बेल खरी आहे. आठवडी बाजारात शेळीच्या गळ्यात बांधायला मिळते ती, पितळेची. माझ्या भिंतीत खिळा ठोकून ती टांगली आहे, आणि खिळा ठोकताना मला कुणी विचारलेलं नाही.

या माणसाचं नाव सांडूआण्णा. एसटीत कंडक्टर होते. ‘होते’ म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. “कंडक्टर रिटायर होत न्हाई बापू, फकस्त गाडी बदलती,” असं म्हणतात आणि खुर्ची पुढं ओढतात. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांनी पारावर बसावं, राजकारणाला शिव्या द्याव्यात, गुडघ्याचं औषध एकमेकांना सांगावं, अशी रीत आहे. आण्णांनी ती पाळली असती तर माझी भिंत तरी शाबूत राहिली असती.

दुकानाच्या मागच्या भागात मी खेळणाऱ्यांसाठी तीन कॉम्प्युटर ठेवले आहेत. त्यात आभाळातला एक ऑनलाइन गेम आहे. लांबलांबचे ग्रह, त्यांच्यावर वस्त्या, आणि जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून त्यात शिरतात. कुणी सैनिक होतं, कुणी व्यापारी. बैलगाडीएवढे किडे मारायचे आणि हत्यारं मिळवायची, हा मुख्य धंदा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आण्णा त्याला ‘वरचा डेपो’ म्हणतात.

पहिल्या दिवशी ते आले आणि म्हणाले, “बापू, मला वर गाडी चालू करायची हाय.” मला वाटलं, माणूस कामातून गेला.

पण त्यांनी खरोखर गाडी चालू केली. किडा एकही मारला नाही. सामान उचलायची, निरोप पोचवायची किरकोळ कामं करत करत एक जुनं, पोट सुटलेलं मालवाहू जहाज घेतलं आणि त्यात बाकडी बसवली. मोठ्या शहरातून सुटायचं, मधले थांबे घ्यायचे आणि पार टोकाच्या एका थंडगार ग्रहावर मुक्काम करायचा. त्या ग्रहावर चार खोपटी आणि नवखे खेळाडू, ज्यांच्याकडं स्वतःचं जहाज नसतं. आण्णांनी त्याला ‘वाडी’ असं नाव ठेवलं. प्रवास फुकट, पण तिकीट घेतल्याशिवाय बसायचं नाही. एका बोटानं अक्षरं शोधत ते प्रत्येकाला ‘एक फुल’ असं टाइप करून द्यायचे, आणि तोवर सगळं जहाज थांबून राहायचं.

एकदा एक यंत्रमानव चढला. हा फुल की हाफ, असा प्रश्न आला. आण्णांनी विचार केला आणि निकाल दिला, “बसायला सीट लागती ना? मंग फुल.” दुसऱ्या वेळी कुणा परदेशी पठ्ठ्यानं जहाजातच बंदूक काढली. आण्णांनी सिंगल बेल मारली. दोन ग्रहांच्या मधोमध, जिथं खाली जमीन नाही की वर आभाळ, तिथं गाडी उभी. आण्णा माइकमध्ये शांतपणे म्हणाले, “उतरा.” त्याला मराठी कुठून कळणार? पण कंडक्टरचा आवाज कोणत्याही भाषेत कळतो. त्यानं बंदूक आत ठेवली. पुढं पुढं तर कुठल्या कुठल्या देशांतले लोक चढताना स्वतःच ‘सरका, सरका’ म्हणायला लागले. आण्णांचं पालुपदच होतं ते. “पुढं सरका, मागचा बी माणूसच हाय.”

त्या जहाजाला दोन माणसं लागतात असं आण्णांचं मत. खरं तर एकट्यालाही ते चालवता येतं, हे मी गेमच्या माहितीच्या पानावरून त्यांना वाचून दाखवलं होतं. ते भडकले. “डायव्हरच्या शिटावर कंडक्टर बसत नसतो.” बसणं सोडा, पुढच्या केबिनमध्ये ते डोकावतही नसत. “डायव्हरशी बोलू नये अशी पाटी असती गाडीत. जिंदगीभर तीच वाचली.” त्यामुळं पुढं कुणी दुसराच खेळाडू बसायचा. तो कधी बोलायचा नाही, कधी काही लिहायचा नाही. एक बेल झाली की थांबायचा, दोन झाल्या की निघायचा. कोण आहे म्हणून विचारलं तर आण्णा म्हणायचे, “हाय एक. हात साफ हाय त्याचा.” असेल कुणी घुम्या, म्हणून मी सोडून दिलं.

मात्र टोकाच्या वाडीवर उतरताना तो घुम्या लांबलचक हॉर्न द्यायचा. तेव्हा आण्णा डोळे मिटून घेत.

त्या हॉर्नची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. नोकरीत असताना त्यांची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी इथून निघायची, पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं एका वाडीला जायची, आणि सकाळी शाळेची पोरं नि दुधाच्या कॅना घेऊन परत यायची. ड्रायव्हर रहीमभाई. वर्षानुवर्षं हीच जोडी. गावाच्या शिवेवर आलं की रहीमभाई हॉर्न द्यायचे, मग लोक बॅटऱ्या घेऊन आपापल्या माणसांना न्यायला यायचे, आणि कुणाच्या तरी घरून या दोघांसाठी भाकरी-पिठलं यायचं.

“पण गाडीत माणूस असलं तरच हॉर्न,” आण्णा म्हणाले. “रिकामी आसली तर रहीमभाई गुपचूप गाडी आणून लावायचे. म्हणायचे, खाली हात जा रै, ढिंढोरा कायकू पीटना?”

पुढं काळी-पिवळ्या जीपा आल्या. दारात थांबायच्या, हात केला की थांबायच्या. एसटी रिकामी पळायला लागली आणि एक दिवस फेरी बंद झाली. “त्या दिवशी रहीमभाई डेपोत स्टेरिंगवर डोकं टेकून बसले,” आण्णा सांगत होते. “उतरायचंच नाव घेईनात. मी सिंगल बेल दिली, तवा उतरले.” एवढं बोलून ते उठून चहाला गेले.

तर अशा चालत्या गाडीत एक्सपान्शन आलं.

या गेममध्ये मधूनमधून भर पडते. नवे ग्रह, नवी हत्यारं, नवी कामं. या वेळचं एक्सपान्शन भलतंच मोठं होतं, आणि त्याची वाट माझ्या दुकानात सर्वांत जास्त कुणी पाहिली असेल तर आण्णांनी. नवा ग्रह म्हणजे नवा रूट. त्यांनी कागदावर थांबे काढून ठेवले. अपडेट उतरायला सबंध दिवस लागला. तेवढा वेळ आण्णा नवा शर्ट घालून बाकड्यावर बसून होते. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे.

गेम उघडला. नवा ग्रह होताच, जांभळ्या आभाळाचा. पण त्याबरोबर प्रत्येक वस्तीत एक एक कमान उभी राहिली होती. कमानीत शिरायचं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पाहिजे त्या ग्रहावर बाहेर पडायचं. ना गाडी, ना थांबा, ना तिकीट.

आण्णांनी ती कमान पाहिली आणि थांब्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग एवढंच बोलले, “काळी-पिवळी.”

आठवडाभरात त्यांची गाडी ओस पडली. माझ्याकडं खेळायला येणारे म्हणायचे, “आण्णा, बंद करा आता ती बस, चला नव्या ग्रहावर.” आण्णांचं उत्तर ठरलेलं, “फेरी म्हंजे फेरी.” रोज वेळेवर यायचे, डबल बेल द्यायचे, रिकामं जहाज टोकापर्यंत जायचं. वाडीवर आता हॉर्न वाजत नव्हता. मी एकदा तसं म्हटलं, तर मान वळवून म्हणाले, “वायर गेली आसंल.”

इथवर ठीक होतं. पण मग ते रिकाम्या गाडीत ओरडायला लागले. “सरका पुढं! पाटीलबुवा, पाय आत घ्या. ओ मावशी, पोतं शिटावर नका ठू. फुल्ल झाली गाडी, जागा न्हाई आता!” मी मागून जाऊन पडद्यावर पाहिलं. बाकड्यांवर चिटपाखरू नव्हतं. दुकानातली गिऱ्हाइकं तोंडावर हात धरून हसत होती. मला लाज वाटली आणि रागही आला.

“आण्णा, कुणावर ओरडताय? गाडी रिकामी आहे,” मी म्हटलं.

त्यांनी झटकन माइकवर तळहात दाबला आणि माझ्याकडं पाहिलं. आण्णांना मी चिडलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी झेरॉक्सकडं वळलो.

पुढं चार-पाच दिवसांनी आण्णा फेरीआधी चहाला गेले असताना टेबलावर त्यांचा मोबाइल वाजायला लागला. थांबेचना, म्हणून मी उचलला.

“आण्णा चाचा, मी नांदेडहून बोलून राह्यले,” पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. “इथं लाइट गेल्ती, आत्ता आली. अब्बा तयार हैत. जरा गाडी थांबवून धरा.”

“आण्णा चहाला गेलेत. मी दुकानवाला,” मी म्हटलं. “अब्बा म्हणजे?”

“रहीम डायव्हर. मी त्यांची सून.”

मी झेरॉक्सचं बटण बंद केलं. तीच बोलत राहिली. लकव्यानं अब्बांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे, घास घेत नसायचे. आण्णा भेटायला आले, घरातल्या कॉम्प्युटरवर हा गेम पाहिला आणि अब्बांच्या डाव्या हातात गेम खेळायच्या जॉयस्टिकचा दांडा दिला. “आता दुपारपासनं शर्टाची बटणं लावायला बसतात, एका हातानं. कुणाची मदत चालत न्हाई,” ती म्हणाली. “पॅसेंजर लोक वाट बघतात ना. चाचा रोज सांगतात, गाडी फुल्ल हाय. त्याच्यावरच चाललंय बघा सगळं.”

मी फोन ठेवला. गाडी रिकामी आहे असं मी त्या माइकजवळ उभं राहून मोठ्यानं बोललो होतो, हे आठवून माझे कान तापले. ते नांदेडपर्यंत गेलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी झेरॉक्स बंद केलं, तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि कानाला हेडफोन लावला. आयुष्यात गेम खेळलो नव्हतो. माझा माणूस जन्माला आला तो अर्ध्या चड्डीत, आणि पहिल्याच पावलाला भिंतीवर आदळला. विचारत विचारत मोठ्या शहराच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. कमानीत शिरणारे माझ्याकडं पाहत पुढं जात होते. आण्णांचं जहाज आलं. दार उघडलं.

“कुठं जायचं?” कानात आण्णांचा आवाज आला.

“वाडीला. मुक्कामाला,” मी म्हटलं.

दोन नंबरच्या कॉम्प्युटरमागून आण्णांनी डोकं वर काढलं. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, परत खाली बसले. मग पडद्यावर सावकाश अक्षरं उमटली. एक फुल.

“रहीमभाई,” ते माइकमध्ये म्हणाले, “पॅसेंजर चढलाय.” त्या दिवशी पाटीलबुवा नव्हते, मावशी नव्हती. एवढं एकच वाक्य. त्यांनी डबल बेल दिली.

मला बसायचं बटण सापडेना. बाकड्यांमधून धडपडत मी सरळ ड्रायव्हरच्या केबिनमध्ये घुसलो. खाकी कपड्यातला एक माणूस पाठमोरा बसला होता. त्याच्यासमोर काचेखाली बारीक दिव्यांची ओळ होती, चढलेल्या एकेका पॅसेंजरला एकेक दिवा. सगळे विझलेले आणि एकच लुकलुकणारा. तो माझा होता.

“डायव्हरजवळ जायचं न्हाई! मागं या, बसून घ्या!” आण्णा ओरडले. मी मागं आलो. पण मला दिसायचं ते दिसलं होतं. इतके दिवस रहीमभाईंच्या डोळ्यांसमोर ती सगळी ओळ विझलेली असायची. आणि तरी ते रोज एका हातानं बटणं लावून येत होते.

वाडी जवळ आली. तेव्हा हॉर्न वाजला. लांबलचक, थांबेचना. हेडफोनमधून माझ्या डोक्यात भरून राहिला. आण्णांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला आणि उगाच मोठ्यानं म्हणाले, “वायर बसली वाटतं.”

“हो, वायरच असणार,” मी म्हटलं. मला रडू आलं होतं, ते मी खोकल्यात घालवलं.

तेव्हापासून मी रोज त्या गाडीनं जातो. दिव्यांचं काही आण्णांना बोललो नाही. म्हाताऱ्याचा एवढा आधार आपण कशाला मोडायचा, असं मनाशी ठरवलं होतं. परवा घरी पाहुणे आले म्हणून मी लवकर दुकान सोडलं, किल्ली आण्णांकडं दिली. काल आलो तर आण्णा माझ्याआधी येऊन पायरीवर बसले होते.

“काल हॉर्न वाजला न्हाई,” ते म्हणाले.

“वायर गेली असेल,” मी म्हटलं.

आण्णा हसले. “बापू, मी त्याच्या गाडीत म्हातारा झालो. कमानी आल्या त्या हप्त्यात हॉर्न बंद झाला, तवाच समजलं मला, की याला समजलंय. गाडी रिकामी हाय ते.”

“मग रोज ओरडत कशाला होता?”

“मी ओरडलो न्हाई तर त्याला वाटंल, सांडू खचला. तो मला सांभाळून राह्यलाय, बापू. लकव्याचं माणूस, बोलता येत न्हाई, तरी रोज येतो. कशापायी? मी एकटा पडू नये म्हणून.” ते गुडघ्यावर हात देऊन उठले. “मला समजलंय, हे त्याला समजू द्यायचं न्हाई. येऊ दे त्याला.”

आत येऊन त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, माइक तोंडाशी ओढला आणि भिंतीवरच्या बेलकडं हात नेला. मी तीन नंबरवर बसलो.

“सरका पुढं,” ते एकट्या मला म्हणाले, “मागचा बी माणूसच हाय.” आणि डबल बेल दिली.