दातारांची बिनपगारी छाटणी

दोन झाडांमध्ये रिकामी जागा दिसली की दातार तिथे गहू पेरतात. मनातल्या मनात, पण पुटपुटत. सेम्बावांग स्टेशनपासून आमच्या ब्लॉकपर्यंत रस्त्याच्या कडेने मोठमोठे रेन ट्री आहेत. त्यांच्यातलं अंतर हा माणूस रोज पावलांनी मोजतो, मान हलवतो आणि म्हणतो, "छे, इथे ट्रॅक्टर वळणार नाही." समोरून येणाऱ्या चिनी आजीबाई हल्ली लांबूनच बाजूला होतात.

मी दातारांच्या घराच्या थेट खालच्या मजल्यावर राहतो आणि शहरात तांजोंग पगार भागात त्यांच्याच बँकेत, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. म्हणजे सुटका कुठेच नाही. बँक युरोपातली. तिकडच्या शेतकऱ्यांच्या कर्जाचे प्रस्ताव दातार तयार करतात आणि मी तपासतो. सहा वर्षं झाली, मी त्यांची चूक शोधतोय. आडपडदा कशाला ठेवू, मला या माणसाचा हेवा वाटतो.

आता कारण ऐका. गव्हाच्या शेतात अक्रोड लावा म्हटलं की फ्रान्समधला शेतकरी हात झटकतो. अक्रोडाचं लाकूड विकायचं चाळीस-पन्नास वर्षांनी, तोवर खायचं काय? दातार म्हणतात, "मधे गहू आहे ना." झाडांच्या ओळी इतक्या लांब ठेवायच्या की फवारणीचं यंत्र मधून सरळ निघून जावं. गहू दरवर्षी घरात येतो, झाडं आपली वाढत राहतात. यात काय मोठंसं? मलाही सुचलं असतं. पण सुचलं दातारांना, आणि माझ्या नावाचा उच्चार आजवर धड न केलेल्या आमच्या बॉस, मिस लिम, मीटिंगमध्ये म्हणाल्या, "दातार व्हेरी गुड लाह."

हे "मधे गहू आहे ना" त्यांनी कुठे वापरलं नाही? माझं प्रमोशन पुन्हा हुकलं तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पेठे, मधे गहू आहे ना." माझा पगार म्हणजे गहू म्हणे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला खुर्च्या मांडायचं काम घेतलं, तर दोन ओळींत एवढं अंतर सोडलं की निम्मे लोक दाराबाहेर. तरी कौतुक त्यांचंच झालं, का तर आरतीचं तबक फिरवायला ऐसपैस जागा होती. माझ्या मुलीने शाळेचा प्रोजेक्ट माझ्याऐवजी त्यांच्याकडून करून घेतला आणि वर मला सांगितलं, "पा, यू ओन्ली चेक. अंकल मेक थिंग्ज." हे मला लागलं. अजून लागतं.

आणि मग मे महिन्यात घबाड हाती लागलं. मादाम एलेन नावाच्या शेतकरीणबाईंचा प्रस्ताव होता. त्यांनी चार वर्षांपूर्वी दातारांच्या सांगण्यावरून अक्रोडाच्या दोन ओळी लावल्या होत्या, आता उरलेल्या शेतातही लावायच्या होत्या. यंदा कर्ज मिळालं नाही तर झाडांचा नाद सोडून जमीन दुसऱ्याला कसायला देणार, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. मी पानं उलटत गेलो आणि एका ओळीवर थबकलो. छाटणीची मजुरी, पहिली पंधरा वर्षं: शून्य.

अक्रोडाची दर उन्हाळ्यात छाटणी करावी लागते, तरच खोड सरळ वाढतं. नाहीतर ते लाकूड चुलीत घालायच्या लायकीचं. मी खरी मजुरी धरून हिशेब केला, तर प्रस्ताव सपशेल आडवा. त्या शून्याभोवती मी लाल गोल काढला, मिस लिमसाठी एक प्रत वेगळी ठेवली आणि दुपारी खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरमध्ये दोन प्लेट नूडल्स खाल्ल्या.

पण आधी दातारांचा चेहरा बघायचा होता. संध्याकाळी कागद घेऊन वर गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदाच. जेवणाच्या टेबलाला खुर्ची एकच. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उभे राहिले.

लाल गोल बघून म्हणाले, "चूक नाही ती. छाटणी मी करतो."

"तुम्ही?"

"दर जूनमध्ये, तिकडच्या उन्हाळ्यात. रजा घेऊन."

हा माणूस जूनमध्ये नाशिकला भावाकडे जातो, असं आम्ही सगळे समजत होतो. भाऊ जाऊन सात वर्षं झाली, हे मला त्या दिवशी कळलं.

"पैसे घेत नाही?"

"पैसे कसले? जेवायला घालतात. दहा-बारा माणसं असतात टेबलावर. त्यांचं मला कळत नाही, माझं त्यांना. पण मी पोचायच्या आधी माझं ताट मांडलेलं असतं." मग म्हणाले, "झाडं मुद्दाम कमी धरलीत. एकट्याने रजेत उरकतील एवढीच."

मी त्या लाल गोलावर हात ठेवला.

"रविवारी तुमच्याकडचं हसणं वर ऐकू येतं," ते म्हणाले. "मी खिडकी उघडी ठेवतो. रागावू नका पेठे, पण तुमचा हेवा वाटतो हो."

माझा. मला लाज वाटली. कागदाची घडी करून मी खाली आलो.

दुसऱ्या दिवशी मी मिस लिमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "हा माणूस आजारी पडला, देन हाउ?" बिनपगारी माणूस चालेल, पण त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा कोणी लेखी हवा. मी त्यांच्यासमोरच माझं नाव लिहिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, पुन्हा चुकीचंच, आणि सही केली.

दातारांनी ते पान हातात घेतलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"छाटणीची करवत धरलीय कधी?"

"नाही."

"मग पहिल्या वर्षी तुम्ही खाली पडलेल्या फांद्या गोळा करा," ते म्हणाले. मग कोरा कागद ओढून घेतला आणि झाडं दोघांच्या हिशेबाने पुन्हा मांडायला लागले.